नाना, 'रिफ्रेन' म्हणजे नुसती विनंती नव्हे

परवा सकाळी नाना उपाशीपोटीची साखर तपासायला गेले, ते घरून चांगला गोड चहा पिऊन. लॅबच्या मेसेजमध्ये 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम फूड अँड ड्रिंक्स' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, "अगं, ती विनंती असते. मनाई असती तर 'प्रोहिबिटेड' लिहिलं असतं." हे ज्ञान आलं सोसायटीच्या ग्रुपवरून. 'इंग्रजी शब्दांची गुपितं', चार मुद्दे, खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. नाना रक्त न देताच परत आले. तोच मजकूर संध्याकाळी दहावीतल्या भाचीनेही पाठवला, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

आधी ते विनंतीचं खूळ. करावंसं वाटत असताना किंवा करता येत असताना स्वतःला आवरणं, न करणं, एवढाच या क्रियापदाचा अर्थ. ती विनंती आहे की हुकूम, हे शेजारचे शब्द आणि प्रसंग ठरवतात. संयुक्त राष्ट्रांची सनद काढून बघा, 1945 सालची. कलम 2, पोटकलम 4: दुसऱ्या देशाविरुद्ध बळाची धमकी देण्यापासून किंवा बळ वापरण्यापासून सगळ्या सदस्य देशांनी दूर राहायचं आहे. इंग्रजीत तिथे 'शॅल रिफ्रेन' आहे, आणि ते बंधनकारक आहे. ग्रुपवरच्या पंडितांच्या हिशेबाने शेजारच्या देशावर चाल न करणं हीसुद्धा 'जमलं तर बघा' छापाची विनंतीच म्हणायची! कलम मोडणारे देशसुद्धा बहुधा स्वसंरक्षणाची सबब सांगतात. 'आम्हाला वाटलं विनंती आहे' असं म्हणत नाहीत.

हां, पाटीवर किंवा मेसेजमध्ये हा शब्द सौम्य वाटतो, हे मान्य. 'काइंडली' लावलं की आणखीच. पण लॅबवाले गोड बोलले म्हणून चहातली साखर रक्तात जायची राहते का?

दुसरा मुद्दा म्हणे असा, की 'री' म्हणजे पुन्हा, म्हणून गाण्यातला 'रिफ्रेन' आणि हा 'रिफ्रेन' एकच. 'री' म्हणजे पुष्कळदा 'पुन्हा' असतं, 'रीफिल'मध्ये आहेच. इथे ते 'मागे' आहे. लॅटिनमध्ये 'फ्रेनुम' म्हणजे घोड्याचा लगाम. त्यावरून लगाम खेचून मागे आवरणं. आपण जिभेला लगाम घाल म्हणतो, तेच चित्र. गाण्यातला 'रिफ्रेन', म्हणजे आपलं पालुपद, निघाला तोडणं या अर्थाच्या 'फ्रांगेरे'वरून. हाड मोडल्यावरचं 'फ्रॅक्चर' त्याच घरातलं. दोन वेगळे शब्द फिरत फिरत इंग्रजीत एका स्पेलिंगला येऊन बसले, इतकंच.

तिसरा: रिफ्रेन, अव्हॉइड, रिस्ट्रेन, अ‍ॅबस्टेन सगळे सारखेच. मग 'मी ट्रॅफिक रिफ्रेन केलं' म्हणून बघा. गर्दी अव्हॉइड करतात, अंगावर धावणाऱ्या कुत्र्याला रिस्ट्रेन करतात, मतदानात तटस्थ राहणारा अ‍ॅबस्टेन करतो. रिफ्रेन स्वतःच्याच कृतीपुरतं. जुन्या इंग्रजीत त्याला कर्म लागायचं, हे खरं. 1611 च्या बायबलात भावांना ओळख देण्याआधी योसेफाला 'रिफ्रेन हिमसेल्फ' करता येत नाही, म्हणजे त्याला राहवत नाही. आज तसं कोणी लिहीत नाही.

चौथा, 'रिफ्रेन टू स्मोक'ही चालतं. नाही चालत. 'रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग'. भाचीला सांगून टाकलंय, 'टू' लिहिलंस तर गुण गेलाच समज.

नानांची तपासणी आता शनिवारी आहे. या वेळी मी लॅबच्या मेसेजवर विसंबलेली नाही. चहाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: 'रक्त देईपर्यंत चहा नाही.' खाली कंसात, 'ही विनंती नाही.'