नुसतं पाणी तापवून स्कॅलप पिकत नाही

"स्कॅलपची पैदास एकदम सोपी. टाकीतलं पाणी तापवा, हवं तेव्हा बीज घ्या. खाद्याचं फारसं काही नाही. चीनने असंच केलं." स्कॅलप या खाण्याच्या समुद्री शिंपल्याबद्दलचा हा मजकूर मत्स्यशेतीच्या गटांत जोरात फिरतोय. त्यावर विसंबून कुणी पैसे घालण्याआधी हे वाचावं.

यात दोन वेगळ्या कामांची सरमिसळ झाली आहे. पाणी एकदम काही अंशांनी तापवलं की स्कॅलप अंडी आणि शुक्राणू सोडतो, हे खरं. पण तो आधी पिकलेला, म्हणजे आत अंडी-शुक्राणू तयार झालेला असला तर. पिकायला आठवडे लागतात. युरोपातल्या पेक्टेन मॅक्सिमस जातीला साधारण सहा ते आठ. हा शिंपला उभयलिंगी. उघडला की जिभेसारखी जननग्रंथी दिसते, बुडाशी पांढुरका नर भाग आणि टोकाकडे शेंदरी मादी भाग. कच्ची असते तेव्हा ती चपटी, पाणचट असते आणि आतलं आतड्याचं वळण आरपार दिसतं. पिकली की टच्च फुगते, रंग दाटतो, वळण झाकलं जातं. आतडं दिसतंय तोवर पाणी कितीही तापवा, बीज हाती लागत नाही.

खाद्याबद्दलचं वाक्य तर सरळ नुकसान करणारं आहे. ऊब वाढली की शिंपल्याची भूक वाढते. शैवाल कमी पडलं तर तो तयार होत आलेली अंडीच परत जिरवतो. म्हणून आयसोक्रायसिस, किटोसेरॉस अशा सूक्ष्म शैवालांचं मिश्रण द्यावं लागतं, तेही रोज. शिंपल्याच्या मांसाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के, शैवालही कोरडं धरून. अंड्यातली चरबी हीच अळीची पहिल्या दिवसांची शिदोरी असते.

"हवं तेव्हा" हेही सरसकट खरं नाही. फ्रान्समध्ये याच पेक्टेन मॅक्सिमस जातीचे ब्रेस्ट किनाऱ्याचे शिंपले वर्षातला बराच काळ पिकलेले सापडतात, तर सँ-ब्रियो किनाऱ्याचे हिवाळ्यात विसावतात आणि उन्हाळ्यात एकदम अंडी सोडतात.

राहिलं चीन. १९८२ मध्ये चिनी सागरी शास्त्रज्ञ झांग फुसुई यांनी अमेरिकेतून आणलेल्या बे स्कॅलप या दुसऱ्या जातीच्या शिंपल्यांपैकी फक्त २६ जगले, आणि त्यांच्यापासून तिथला उद्योग उभा राहिला. पण तिथल्या हॅचऱ्या (बीज तयार करणारी केंद्रं) पाणी रोज थोडं थोडं वाढवत नेतात आणि त्या सगळ्या काळात शिंपल्यांना भरपूर खाऊ घालतात. हॅचरी टाकायची असेल तर हीटरच्या आधी शैवालाच्या टाक्यांचा खर्च मांडा.