श्लोक पाठ झाले, पुढे काय?

मे २०२४मध्ये महाराष्ट्राच्या एससीईआरटीने, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर केला आणि इकडे इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठ करून घेण्याची सूचना होती, शिवाय मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक. त्या श्लोकावर तिकडे रान पेटलं. पाठांतराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा दाखला मात्र इंग्लंडचा: "इथे नाही का शाळेत रोज प्रार्थना सक्तीची?"

आहे, कागदावर. १९४४च्या कायद्याने रोजची सामूहिक उपासना बंधनकारक केली. १९८८मध्ये ती मुख्यत्वे ख्रिस्ती वळणाची असावी, अशी भर पडली. तो नियम अजून उभा आहे आणि त्याला कोणी विचारत नाही. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड बेल यांनी २००४मध्येच सांगून टाकलं होतं, की तीन चतुर्थांश माध्यमिक शाळा तो पाळत नाहीत. माझ्या मुलीच्या असेंब्लीत, म्हणजे शाळेच्या परिपाठात, ख्रिस्त नाताळच्या सुमारास भेटतो. एरवी विषय मोबाइल, हजेरी आणि दादागिरी.

इथलं शिकण्यासारखं आहे ते धर्मशिक्षणाच्या तासात. त्याचा अभ्यासक्रम लंडनहून येत नाही. स्थानिक कौन्सिल चर्चचे, इतर धर्मांचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी एकत्र बसवून तो ठरवते. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, हा विषय घेतला तर दोन धर्म अभ्यासावे लागतात आणि बारा गुणांच्या प्रश्नात दिलेल्या विधानाच्या दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचा निष्कर्ष द्यावा लागतो. मुलीला एकदा मांसाहार चूक आहे का, यावर लिहायचं होतं. तिने सांगलीच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी पक्की माळकरी. म्हणाली, "चूक आहे, एवढं लिही की. दुसरी बाजू कशाला शोधतेस?" मुलगी म्हणाली, "आजी, दुसऱ्या बाजूशिवाय मार्कच नाहीत." मग आजीनेच सांगितलं, की तिच्या माहेरी खंडोबाला बोकड पडायचा. लेकीला हे माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं! पुढचा अर्धा तास मी फक्त ऐकत होतो.

पण म्हणून इथलं सगळं गोड मानू नका. २०१४मध्ये 'ब्रिटिश मूल्यं' शाळांवर आली: लोकशाही, कायद्याचं राज्य, स्वातंत्र्य, परस्पर आदर. तपासनीस येणार म्हटल्यावर त्यांची लॅमिनेट केलेली पोस्टरं जिन्यात लागली. सरकारी मूल्यांचं कुठेही असंच होतं, आपल्या भिंतीवरच्या सुविचारांसारखं.

खरं तर आपला परिपाठ इंग्लंडच्या असेंब्लीपेक्षा सरस आहे. प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना, दिनविशेष, बोधकथा, आणि हे सगळं मुलंच पुढे येऊन सादर करतात. अडतं ते बोधकथा संपल्यावर. 'तात्पर्य' सांगून झालं की रांगा वर्गात. त्या जागी पाच मिनिटं "राजाने केलं ते बरोबर होतं का?" एवढं विचारलं, तर संस्कार बुडत नाहीत. मनाचे श्लोक पाठ करायला माझी हरकत नाही, मी स्वतः केलेत, उच्चार सुधारतात. पण त्याला चारित्र्य म्हणू नये, आणि ते सक्तीचं तर नकोच.

सक्तीबद्दल आपली घटना इंग्लंडइतकीच स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षणात वा उपासनेत कोणालाही संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हे कलम २८(३). पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर धार्मिक शिक्षणच देता येत नाही. इथे पालक दोन ओळींचं पत्र देऊन मुलाला प्रार्थनेतून काढू शकतात, कारणही सांगावं लागत नाही. आपल्याकडे असं पत्र घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहायला किती पालक धजावतील? मसुद्यावर भांडणाऱ्या दोन्ही तटांनी आधी संमतीचा तो छापील अर्ज मागावा, मराठीत, प्रवेशाच्याच वेळी.