इंजेक्शनच्या गाडीचा पिवळा दिवा आणि बॅटरीची वायर काढण्याचा सल्ला

गेल्या उन्हाळ्यापासून सोलापुरात एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे आणि वेगवेगळ्या ओळखीच्या माणसांकडून तो मला किमान पाच वेळा आला आहे. त्याचा आशय असा : इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, दुचाकीवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तरी गाडी चालत असेल, तर काहीही बिघडलेले नसते, कारण तो दिवा गिऱ्हाइकाला सर्व्हिस सेंटरकडे ओढण्यासाठी कंपन्यांनी बसवलेला आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटे काढून ठेवली की दिवा जातो. न गेल्यास सायलेन्सरच्या नळीवरचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर काढून पेट्रोलने धुवावा. एवढ्यानेही काम झाले नाही, तर मोटारीला लावतात तो स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आणावा आणि कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, ज्या सेन्सरचे नाव सांगेल तो सेन्सर नवा टाकावा.

दिवा लागताच घाबरून न जाता आधी घरी तपासणी करावी, हा या संदेशाचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या विद्युत दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि साध्या मल्टिमीटरने गल्लीतल्या कित्येक गाड्यांचे दोष मी अंगणात बसून शोधले आहेत. माझा आक्षेप आहे तो उपायांवर. त्यांतला जवळजवळ प्रत्येक उपाय दोष शोधण्याऐवजी दोषाचा माग पुसून टाकतो, आणि माग पुसला गेला की घरच्या माणसालाच नव्हे, तर कसलेल्या मिस्त्रीलाही अंधारात चाचपडावे लागते.

पहिला दावा कंपन्यांच्या हेतूबद्दलचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराची बीएस६ मानके लागू झाली आणि त्यांच्याबरोबर नव्या दुचाकीत ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची यंत्रणा, बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२३ पासून तिचा पुढचा, अधिक कडक टप्पा आला. धुराचे प्रमाण ज्या भागांवर अवलंबून असते त्यांत बिघाड झाल्यास चालकाला कळावे, यासाठी हा दिवा आहे आणि तो न बसवण्याची मुभा कंपनीला नाही. चावी फिरवल्यावर तो एकदा लागतो, त्याच वेळी टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, आणि इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझतो. ही त्याची नेहमीची चाल आहे. जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून हा दिवा लागतो का, हे अवश्य पाहावे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवा तरी खराब आहे किंवा कोणी तरी त्याची वायर तोडून ठेवलेली आहे, असे समजावे.

दुसरा दावा, म्हणजे गाडी चालते आहे तर काही बिघडलेले नाही, हा अधिक घातक आहे. गाडी चालते, कारण ईसीयूला, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला, तशी शिकवण दिलेली असते. इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरकडून विश्वासार्ह आकडा येईनासा झाला, की तो एक ठरीव तापमान गृहीत धरून पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सर निकामी झाला, की हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची बारीक दुरुस्ती थांबते आणि ईसीयू केवळ ठरलेल्या तक्त्यावर चालतो. अशा वेळी पेट्रोल जास्त पडत राहिले, तर अॅव्हरेज घटतेच, शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला तापवते, आणि हा भाग सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो. उलट इंजिनचे फिरणे मोजणाऱ्या क्रँकच्या सेन्सरची नाडी थांबली, तर ठिणगी कधी टाकायची हेच ईसीयूला कळत नाही आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. म्हणजे तोच पिवळा दिवा एका दोषात महिनाभर सोबत करील आणि दुसऱ्या दोषात जुन्या पुणे नाक्याच्या रहदारीत मध्येच उभे करील. कोणता दोष आहे ते कोड वाचल्याशिवाय ठरत नाही. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र या चर्चेत येत नाही, तो लागला की इंजिन तत्काळ बंद करावे. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवाही वेगळा असून गाडीने थोडा वेग घेतल्यावर तो आपोआप विझणे हे नेहमीचेच आहे.

आता बॅटरीची वायर काढण्याच्या मुख्य उपायाकडे येतो. या सल्ल्याचा उगम जुन्या ईसीयूंमध्ये आहे. त्यांतल्या काहींची स्मृती बॅटरीच्या विजेवर टिकून असे, त्यामुळे वीज तोडली की नोंदलेला कोड पुसला जाई आणि दिवाही विझे. दोष अर्थातच जागेवरच राही आणि ईसीयूला तो पुन्हा दिसला की दिवा पुन्हा लागे. बीएस६च्या गाड्यांत हे कोड सहसा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहिले जातात, म्हणून तिथे वायर दहा मिनिटे काढा की रात्रभर काढा, कोड तसाच असतो. मग काही जणांना गुण आल्यासारखे का वाटते? ओबीडीच्या पद्धतीनुसार दोष पुन्हा आढळला नाही, तर साधारणपणे सलग तीन तपासणी-फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. ओलसर कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उन्हाने वाळला, की विझण्याचे श्रेय वायर काढण्याला मिळते.

याची किंमत काय असते, ते माझ्या भाच्याच्या अनुभवावरून सांगतो. तो विजापूर रोडला राहतो आणि चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो. त्याची गाडी २०१९ साली घेतलेली, म्हणजे इंजेक्शनची असली तरी बीएस६च्या आधीची आहे. मे महिन्यात दिवा लागला. संदेशात सांगितल्याप्रमाणे त्याने वायर काढली, दिवा गेला. चार दिवसांनी परत आला, त्याने पुन्हा वायर काढली. दोन आठवड्यांत हे तीनदा झाले. चौथ्या वेळी पाकणीजवळ महामार्गावर गाडी बंद पडली आणि पंपाचा आवाजही येईना. पाहतो तो फ्यूज उडालेला होता. नवा फ्यूज टाकून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेली, तिथल्या स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी असल्याचा कोड आला आणि लगेच नवा सेन्सर टाकण्याची तयारी सुरू झाली. मी थोडा वेळ मागून घेतला आणि सेन्सरपासून वर जाणाऱ्या वायरी हाताने चाचपत गेलो. टाकीखाली एका ठिकाणी उंदराने दोन वायरींचे आवरण कुरतडलेले होते. गाडी घरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी उभी असते, त्यामुळे उंदीर कुठून आला हे शोधावे लागले नाही. एक उघडी वायर सेन्सरच्या सिग्नलची होती, ती अधूनमधून फ्रेमला लागे आणि दिवा लागे. दुसरी सेन्सरच्या हीटरला १२ व्होल्ट पुरवणारी होती. ती पुढे पुढे घासत उघडी पडली, फ्रेमला लागली आणि तिने फ्यूज उडवला. त्या गाडीत पंपाची वीजही त्याच फ्यूजमधून जात होती. दोन्ही वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह चढवल्यावर तो दिवा आजवर लागलेला नाही. पहिल्या दिवशी कोड वाचला असता, तर हे काम अर्ध्या तासात आणि घरीच झाले असते. तीनदा पुसलेल्या कोडबरोबर दोष प्रथम कधी आणि कोणत्या परिस्थितीत आला याची नोंदही गेली. ज्या गाड्यांत ईसीयू आयडलची, म्हणजे रेस न देता मंद चालणाऱ्या इंजिनची, जुळणी अनुभवाने साठवतो, त्यांत ती जुळणीही कधी कधी पुसली जाते आणि काही दिवस गाडी सिग्नलला बंद पडते.

एवढे सांगूनही काही कारणाने बॅटरी सोडवायचीच झाली, तर चावी बंद करून आधी निगेटिव्ह काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून चार्जिंग तपासण्याची कार्ब्युरेटरच्या काळातली सवय इंजेक्शनच्या गाडीवर कधीही वापरू नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि ईसीयू जळू शकतो.

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलने धुण्याच्या सल्ल्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. आतला भाग झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा असून त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. जळलेल्या ऑइलचे किंवा सिलिकॉन सीलंटचे अंश त्यावर बसले, तर ते पेट्रोलने निघत नाहीत. सेन्सर काम करतो तोच मुळी सुमारे ३०० अंशांच्या वर, त्यामुळे साधी काजळी तो स्वतःच जाळून टाकतो. उघड्यावर पेट्रोल घेऊन तापलेल्या सायलेन्सरजवळ बसणे हा तर जिवाशी खेळ आहे.

राहिला स्कॅनरचा आणि सेन्सर बदलण्याचा दावा, आणि यात अर्धे सत्य असल्यामुळे तो नीट तपासला पाहिजे. मोटारीच्या स्कॅनरला १६ पिनांचे सॉकेट लागते. बऱ्याच बीएस६ दुचाकींत सीटखाली ६ पिनांचे असते, म्हणून मधे जोडवायर घ्यावी लागते, आणि ती घेऊनही स्वस्त स्कॅनर प्रत्येक गाडीशी बोलेलच असे नाही. काही गाड्यांत स्कॅनरशिवायही कोड वाचता येतो : दिवा लांब आणि आखूड उघडझाप करतो, लांब म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे २१. मात्र २१ चा अर्थ प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, तो त्याच गाडीच्या पुस्तकात पाहावा. कोड कोणत्याही मार्गाने मिळो, तो कागदावर उतरवून घेण्याआधी पुसण्याच्या बटणाला हात लावू नये.

कोड कशाचे नाव सांगतो, हे मागावर काम करणाऱ्याला चटकन समजेल. उभा धागा तुटला की ड्रॉपपिन खाली पडते आणि माग थांबतो. पिनेने एवढेच सांगितलेले असते की इथे धागा सैल पडला आहे. सूत कच्चे होते, गाठ अडकली की फणीत दोष आहे, हे कारागिराने वाकून पाहायचे असते. पडलेली पिन बदलणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही. गाडीचा कोडही तसाच सर्किटचे नाव सांगतो. पी ०११७ म्हणजे इंजिनच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी आणि पी ०११८ म्हणजे फार जास्त. पहिल्यात वायर बहुधा कुठे तरी फ्रेमला लागलेली असते, दुसऱ्यात ती तुटलेली किंवा कपलर सुटलेला असतो, आणि सेन्सर दोन्हींत निर्दोष असू शकतो. शहानिशा सोपी आहे. चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा आणि सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. गार इंजिनवर अनेक गाड्यांत तो साधारण दोन ते तीन हजार ओहम भरतो आणि इंजिन तापेल तसा काही शेकड्यांवर उतरतो. आकडा असा सरळ उतरत असेल, तर सेन्सरवर पैसे घालवू नयेत. नंतर चावी चालू करून वायरिंगच्या बाजूच्या कपलरमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळतात का, ते पाहावे. इथे बल्ब लावलेला टेस्टर वापरू नये आणि सेन्सरच्या वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट कदापि देऊ नयेत. ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलच्या पिनांना ओहमवर ठेवलेला मीटरही लावू नये.

हल्ली प्रत्येक दिव्याचा दोष इथेनॉलवर टाकला जातो आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात तो विषय लगेच तापतो. शुद्ध पेट्रोलला जिथे वजनाने १४.७ पट हवा लागते, तिथे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते, त्यामुळे ईसीयूला पेट्रोल थोडे वाढवावे लागते हे खरेच. पण त्याची मर्यादा ओलांडली गेली, तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याचा, पी ०१७१ सारखा कोड येतो. वायर तुटल्याचा कोड आलेला असताना इंधनाला दोष देण्यात अर्थ नाही.

कोडच्याही आधी बॅटरी मोजावी, असा माझा आग्रह आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात बॅटऱ्या लवकर थकतात, आणि कमी व्होल्टेजवर निरोगी सेन्सरही चुकीचे आकडे देतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट असावेत, सेल्फ मारताना ते दहाच्या फार खाली जाऊ नयेत आणि रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावेत. १५ च्या वर गेले, तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर पाहावा. त्यानंतर कपलर. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दिवा लागल्याची उदाहरणे माझ्याकडे वरचेवर येतात; आपल्याकडचे बोअरचे क्षारयुक्त पाणी पिनांवर वाळले, की हिरवट पांढरा थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश एवढ्यावर यांतले बरेच दिवे गेलेले मी पाहिले आहेत.

पेट्रोलची नळी मात्र घरी सोडवू नये, कारण इंजेक्शनच्या गाडीत तिच्यात सुमारे ३ बार दाब असतो. ईसीयूच्या पिनांतही टाचण्या खुपसू नयेत. तिथपर्यंत वेळ आली, तर गाडी गॅरेजला न्यावी आणि सोबत एक चिठ्ठी द्यावी : कोड कोणता आला, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, इंजिन गार होते की तापलेले, गाडी आदल्या दिवशी धुतली होती का, आणि बॅटरीचे तिन्ही आकडे.