फुटली आमची काच, नाव वस्तीचं

दांडेकर पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी चहा दोनदा सांगावा लागला, कारण सचिन थांबेचना. आदल्या रात्री त्याच्या गल्लीत दहा-बारा गाड्या फोडल्या. त्याच्या रिक्षाची पुढची काच गेली, हूड उभं फाडलेलं. हँडलच्या खाचेतला काचेचा चुरा तो काडीने उकरत होता.

"पेपरात काय, तर 'वस्तीत कोयता गँगची दहशत'. फोडणारे तोंड बांधून बाहेरून आले. फुटलं आमचं. बदनाम कोण? वस्ती. पोरगी फॉर्मवर जनता वसाहत लिहीत नाही, पर्वती पायथा लिहिते."

मंदार कोथरूडचा. "पण पकडलेली पोरं अशाच वस्त्यांतली निघतात ना? सतरा-अठराची, हातात कोयता, वर रील. पोलीस धिंड काढतात ते बरंच करतात."

"मग कल्याणीनगरात का नाही काढली?" सलीमने विचारलं.

१९ मे २०२४ ची ती रात्र पुणेकराला सांगावी लागत नाही. भरधाव पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले आणि अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. बोंबाबोंब झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, ते वेगळं. "तरी कल्याणीनगरचा पत्ता सांगताना कुणाची जीभ अडखळते का? तिथे एक पोरगा बिघडला. इथे अख्खी वस्ती बिघडलेली," सलीम म्हणाला.

"तो अपघात, हे ठरवून केलेलं," मंदार म्हणाला. हेही अगदीच खोटं नाही. रात्री दोनला काच फुटल्याच्या आवाजाने दचकून उठलेल्या बाईला कल्याणीनगरचं काय सांगणार?

अप्पा एवढा वेळ बशीतला चहा फुंकत होते. "एकसष्ट साली पानशेत धरण फुटलं, आमचा वाडा गेला. गोखलेनगरला अर्धगोल छपराच्या निसेन हटात राहिलो. पेठेतले सख्खे नातेवाईक 'हे पूरग्रस्त' अशी ओळख करून द्यायचे. पक्की घरं झाली, मग नाव पुसलं गेलं."

"म्हणजे एसआरएची, झोपडपट्टी पुनर्वसनाची पक्की घरं होईपर्यंत आम्ही गुंडच का, अप्पा?" सचिनने विचारलं.

अप्पा हसले, पण उत्तर दिलं नाही.

मी आपला बेकारी, दारू, पोरांना हाताशी धरणारे दादा असं सुरू केलं. सचिनने हात वर केला. "सगळं मान्य. दोन वर्षं मीही बेकार होतो, कोयता नाही उचलला. तुमच्या कारणांनी काच बसते का? विमा थर्ड पार्टीचा आहे. खर्च खिशातून."

त्यावर कुणाकडेच काही नव्हतं. मंदारने गुपचूप फोन काढला. नाना पेठेत स्पेअर पार्टवाला त्याच्या ओळखीचा. भाव ठरला, माणूस काच घेऊन येणार हेही ठरलं. पलीकडून पत्ता विचारला असावा. मंदारने एकदा सचिनकडे पाहिलं.

"पर्वती पायथा," तो म्हणाला.