काकूंनी भरला हंडा ओतून दिला

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय शांत वाटायचं नाही.

शेजारच्या काकूंकडे फिल्टरवाला आला होता. दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. सळयांचं यंत्र बुडवून वीज चालू केली. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ, वर तपकिरी चोथा. "बघा मावशी, हे पिताय तुम्ही!" काकूंचा चेहरा पांढराफटक. उठल्या आणि तांब्याचा भरलेला हंडा मोरीत ओतून आल्या. आयुष्य याच पाण्यावर काढलेल्या काकू!

अरे, तो चोथा पाण्यातला नव्हताच! विजेनं लोखंडाची सळई झिजते, त्याचा तो गंज. त्याचं मशीन आरओचं, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी गाळणारं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ दिसतं. मी त्याच्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, बुडवा आता. तेही तपकिरी झालं. पण तोवर काकूंनी आगाऊ पैसे दिले होते.

आमच्या गुहागरच्या घरचं पाणी जरा जड आहे, मान्य. किटलीत पांढरा थर धरतो, तूरडाळ लवकर शिजत नाही. तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला 110 मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानकात 200 पर्यंत बिनघोर चालतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच ते! आमसुलाचं पाणी उकळलं की थर सुटतो. तेवढ्यासाठी आरओ? एक लिटर मिळवायला तीनेक लिटर मोरीत? मे महिन्यात टँकरकडे डोळे लावून बसणारी माणसं आपण. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच सांगितलं. आमचा 190.

खाडीकाठी विहिरीचं पाणी मचूळ असतं, तिथे आरओ लागतो, त्याला ना नाही.

भीती बाळगायची तर पावसाळ्यातल्या जंतूंची. ते टीडीएस मीटरला दिसतही नाहीत. गाळाचा फिल्टर आणि यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा, पुरे, नाहीतर खळखळून उकळा.

काकूंवर राग नाही हो. मुलगा मुंबईला, घरात एकट्या. "नातवंडं सुट्टीला येतील, त्यांना कसं देऊ हे पाणी?" म्हणाल्या. हंडा ओतताना हात थरथरत होते त्यांचे.

संध्याकाळी जाते. फिल्टरवाल्याला तिथूनच फोन लावून पैसे परत मागणार. आणि तो हंडा आमसूल लावून घासून, भरून ठेवून येणार.