एकोणीस नंबर, हजर!

टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, चाळीसेक ओळी लिहून झाल्या, कडाकडा बोटं मोडली आणि सेव्ह करायला सवयीने कंट्रोल-एस दाबलं. पडदा थिजला. कर्सर मात्र निर्लज्जासारखा लुकलुकत होता.

एंटर दाबून पाहिलं. ढिम्म. एस्केप दाबलं. ढिम्म. मग माणूस जे करतो तेच केलं: हाताला लागेल ते बटण, जोर लावून. माझ्या हाताला डी लागलं. ते मी नऊ वेळा हाणलं. नऊच का, तर दहाव्या वेळी फोन वाजला.

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरून, मान न वळवता, सल्ला आला: "कंट्रोल-क्यू दाबा."

दाबलं. आणि गेल्या दोन मिनिटांतला माझा सगळा राग, क्रमवार, एडिटरने अमलात आणला. एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, होता विम, तोही बराच जुना. तो बहिरा झालेलाच नव्हता. त्याचं फक्त तोंड बांधलं होतं, कान उघडे होते. एस्केपने तो लिहिण्याच्या अवस्थेतून बाहेर आला. तिथे दोन डी म्हणजे एक ओळ गायब. नऊ डींत चार ओळी गेल्या आणि नववा डी जोडीदाराची वाट बघत दारात उभा राहिला. घाईघाईने यू दाबून झालेलं परत फिरवायला गेलो, तर पहिला यू त्या नवव्याच्या घशात गेला. पुढच्या चारांनी ओळी परत आणल्या.

चूक कुणाची, हे शोधायला बसलो आणि तिथेच माझा आठवडा गेला.

ही टर्मिनलची खिडकी, म्हणजे टर्मिनल एम्युलेटर, मुळात नकलाकार. जे यंत्र आता कुणाच्याच टेबलावर नाही, त्याची तो हुबेहूब नक्कल करतो. बहुतेक नकला १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० नावाच्या टर्मिनलच्या. आणि ते टर्मिनलही आधीच्या टेलिप्रिंटरांचे संकेत सांभाळत होतं. टेलिप्रिंटर सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. समोरून भडिमार झाला तर "जरा थांब" म्हणायची सोय हवी, म्हणून १९ क्रमांकाचा संकेत. "हं, चालू दे" म्हणायला १७ क्रमांकाचा. कंट्रोल-एस म्हणजे तो १९. माझ्या लॅपटॉपमध्ये कागद नाही, शाई नाही, धडधडणारे हातोडे नाहीत. पण "जरा थांब" अजून शाबूत आहे.

पण एसच का? तर एस हे इंग्रजी वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर. टर्मिनलच्या वर्गात कंट्रोल दाबलं की नावाने हाक मारत नाहीत, हजेरीपटातल्या नंबराने मारतात. क्यू सतरावा, म्हणून १७. एवढं कळल्यावर मला फार आनंद झाला आणि पुढचे अनर्थ त्या आनंदातूनच झाले.

उपाय एका ओळीचा होता. शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये 'एसटीटीवाय' आणि त्यापुढे 'उणे आयएक्सऑन' एवढं लिहायचं, की ही थांबाथांबी बंद. मग विममध्ये कंट्रोल-एसला 'सेव्ह कर' असं शिकवलं. चाललं! क्यू आता बेकार झाला होता, तर त्यालाही कामाला लावलं: कंट्रोल-क्यू म्हणजे टर्मिनलची खिडकी बंद. कसा नीटनेटका संसार.

इथेच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण लिहिताना तिरप्या अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा द्यावा लागतो, आणि तिरपं म्हणजे इटॅलिक, इटॅलिकचा आय, म्हणून कंट्रोल-आय दाबलं की तारा उमटावा अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी पायथॉनची फाइल उघडली. ओळ आत सरकवायला टॅब दाबलं. तारा. पुन्हा दाबलं. दोन तारे. ओळीओळीच्या सुरुवातीला चांदणं पडलं.

आय नववं अक्षर, आणि टॅबचाही नंबर ९. एकाच वर्गात दोन मुलं, नंबर एक. "नऊ" म्हटलं की कोण उभं राहिलं हे मास्तरांना दिसतच नाही. एम आणि एंटर दोघेही १३. कंट्रोल आणि चौकोनी कंस मिळून एस्केप होतं, २७. शिफ्टला तर हजेरीपटात जागाच नाही: कंट्रोल-एस आणि कंट्रोल-शिफ्ट-एस, दोन्ही एकोणीसच. वेगळ्या नावाने सेव्ह करायला मी हा दुसरा जोड मुक्रर केला होता. दोन दिवस तो चालतोय अशी माझी समजूत होती.

मग तपास पद्धतशीर सुरू केला. बॅश नावाच्या शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून पुढे कुठलंही बटण दाबलं की पलीकडे प्रत्यक्षात काय पोचतं ते दिसतं. कंट्रोल आणि डावा बाण दाबला: एक टोपी, दोन चौकोनी कंस, एक, अर्धविराम, पाच, डी. एका बाणासाठी एवढी वरात! त्यातला पाच म्हणजे मुळचा एक अधिक कंट्रोलचे चार, हे समजायला एक संध्याकाळ गेली, पण समजल्यावर उगाच छाती फुगली.

ही वरात एस्केपपासून सुरू होते (टोपी आणि पहिला कंस म्हणजे तोच), त्यातून वेगळंच दुखणं निघतं. नुसतं एस्केप दाबलं तर हे एकटंच आलंय की मागून वरात येतेय, ते बघायला टर्मिनल आणि विमच्या मध्ये बसलेला टीमक्स, म्हणजे एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम, वाट पाहतो. माझ्या टीमक्समध्ये ही वाट ५०० मिलिसेकंदांची होती. अर्धा सेकंद! ऐकायला काही नाही. पण एस्केपनंतर लगेच 'जे' हे अक्षर दाबलं की टीमक्स दोघांची गाठ मारून 'अल्ट-जे' म्हणून पुढे ढकलायचा, कारण अल्टसुद्धा आधी एस्केप लावूनच येतं. ती वाट मी १० वर आणली.

नवे टर्मिनल आता टॅब आणि कंट्रोल-आय वेगवेगळे सांगू शकतात, नव्या एडिटरांना ते कळतंही. पण मधल्या टीमक्सला 'एक्स्टेंडेड कीज चालू' असं सांगितलं नाही, तर तो जुन्याच हजेरीपटावर सही करतो. तेही सांगितलं, विमही नवा घेतला. तारे तारेच राहिले, टॅब टॅब झाला. कंट्रोल-एस तर इतकं अंगवळणी पडलं की विचार पूर्ण व्हायच्या आधी फाइल सेव्ह व्हायची.

परवा एका दूरच्या सर्व्हरवर काम निघालं. मशीन जुनं, विम जुना, माझ्या सेटिंग्जचा तिथे मागमूस नाही. वीस ओळी बदलल्या, बोटांनी आपणहून कंट्रोल-एस दाबलं. पडदा थिजला.

या वेळी मी घाबरलो नाही. एकाही बटणाला हात लावला नाही. शेजारचे नवे सहकारी बघत होते, त्यांना म्हटलं, "काही नाही हो, साठ वर्षांपूर्वीचा टेलिप्रिंटर आहे." आणि कंट्रोल-क्यू दाबलं.

खिडकी बंद झाली. "नक्की ना?" एवढंही न विचारता, कारण असले प्रश्न विचारत बसू नकोस, असं मीच त्या टर्मिनलला बजावून ठेवलं होतं.