‘आतड्याच्या कॅन्सरवर औषध सापडलं’: खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘आतड्याच्या कॅन्सरवर औषध सापडलं, केमो बंद करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. संशोधक आधी शोधतात ते ‘टार्गेट’, म्हणजे जे अडवलं तर गाठीची वाढ थांबू शकेल असं पेशीतलं प्रथिन. तिथून गोळीपर्यंतची वाट फार लांब. उदाहरणार्थ, केरास (KRAS) नावाच्या जनुकाचा कॅन्सरशी संबंध १९८२ सालीच कळला होता. त्याच्या प्रथिनावर औषधाला धरायला खोबण दिसली २०१३मध्ये. पहिली गोळी अमेरिकेत २०२१ला मंजूर झाली, तीही फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी! आतड्यात ती एकटी पुरत नाही. पेशी दुसऱ्या वाटेने निसटतात, म्हणून जोडीला आणखी औषध लागतं. रावेर-यावलहून एसटीने केमोला जाणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, पुढची तारीख चुकवू नका.